घरी काय काय केलं?

अकोल्याला आमच्या लहानपणी जे घरचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे नाडी, जीभ, ताप हे सारे नंतर येई. आत शिरताच ते चष्म्यावरून माझ्या आईकडे पाहत आणि विचारीत, ‘‘घरी काय काय केलं?’’ मग आई सांगू लागे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. सुंठ-गुळाची गोळी दिली. रात्री हळदीचे दूध पाजले. आणि मग, आवाज थोडा खाली आणून, दृष्टही काढली. डॉक्टर सगळे ऐकून घेत. मीठ-मोहरीला ते कधी हसल्याचे मला आठवत नाही. सुंठ चालू ठेवा म्हणत, दुधाने पोरगे ओकत असेल तर दूध बंद करा म्हणत, आणि मग कंपाउंडरकडे चिठ्ठी सरकवीत. कंपाउंडर बाटलीत लाल मिश्रण भरी आणि तिला कातरलेल्या कागदाची पट्टी डकवी. जितक्या खाचा तितके डोस.

हे डॉक्टर नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलचे एल.एम.पी. होते, म्हणजे शिक्षणाने पक्के ॲलोपॅथीचे. तरी टेबलाच्या डाव्या खणात साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांच्या कुप्या असत आणि खिडकीत निर्गुंडीच्या तेलाची बाटली. पुढे मी कॉलेजात गेल्यावर, चार पुस्तके वाचल्याच्या तोऱ्यात, त्यांना त्या पांढऱ्या गोळ्यांविषयी छेडले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘ज्याला औषधाची गरज नाही, पण औषध घेतल्याशिवाय जो खुर्चीवरून उठत नाही, त्याच्यासाठी त्या आहेत. न्यूमोनियाला मी त्या देताना तू कधी पाहिलंस का?’’ मी पाहिले नव्हते.

वाचकहो, तुमच्याही घरचे डॉक्टर या ना त्या प्रकारे असेच मिश्र असण्याचा संभव पुष्कळ. आपल्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी, शहराच्या गल्लीत, रात्री साडेनवाला दार ठोठावता येईल असा जो डॉक्टर भेटतो, तो बहुधा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतो. आयुर्वेद वा होमिओपॅथी शिकलेला हा माणूस तापाला पॅरासिटामॉल देतो, खोकल्याला सितोपलादी चूर्ण मधातून चाटायला सांगतो आणि आजीबाईंच्या गुडघ्याला तेल लावून शेक घ्यायला सांगतो. हे चांगले की वाईट, यावर शहरातील विद्वान भांडत असतात. त्यांचे भांडण व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. त्याकडे पुढे वळतो. परंतु रोग्याच्या बाजूचा जो प्रश्न आहे तो या भांडणात हरवतो, आणि तो मला माझ्याच घरात फार महागात शिकावा लागला.

२०१७ सालची गोष्ट. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, अकोल्याला धाकट्या भावाकडे राहत होती. मी नोकरीनिमित्त अमरावतीत स्थिरावलेलो. तिला मधुमेह जुना, आणि गुडघे त्याहून जुने. माझ्या एका परिचिताने सांगितले की एक ‘वैद्य’ महिन्यातून एकदा लॉजवर खोली घेऊन बसतात आणि त्यांच्या पुडीने जिना चढता येतो. मी स्वतः गेलो. रांग होती. रांगेत शिक्षक होते, बँकेतले होते, माझ्यासारखेच सगळे. त्या गृहस्थांनी नाडी पाहिली नाही, रोगीही पाहिला नाही. गुडघे म्हटल्याबरोबर तपकिरी चूर्णाच्या साठ पुड्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिल्या. ‘‘शंभर टक्के जडीबुटी आहे, अपाय काहीच नाही.’’ कागदावर ना नाव, ना घटकद्रव्ये, ना परवाना क्रमांक.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. ‘‘अरे बाप्पा, मी आज गच्चीवर पापड वाळू घालून आली!’’ त्या आनंदाला तोड नव्हती. मी तो उपाय कार्यालयातल्या दोघांना सांगितला, त्यांनाही पुड्या आणून दिल्या. सात महिने हे चालले. आईचा चेहरा भरला, गाल गोल झाले. नातेवाईक म्हणू लागले, माय, तुझी तब्येत सुधारली. साखर मात्र वाढू लागली. मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मग आणखी वाढवल्या. एकदा त्यांनी स्पष्ट विचारले, ‘‘दुसरं काही औषध घेता का?’’ आई म्हणाली, ‘‘नाही.’’ मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. मीही काही बोललो नाही.

का बोललो नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. आईला वाटले, डॉक्टर रागावतील. मला वाटले, हसतील. शिकलेला माणूस लॉजवरची पुडी आणतो हे एका तज्ज्ञासमोर कबूल करायचे माझ्या जिवावर आले. इतकीच ती गोष्ट होती.

दिवाळीच्या तोंडावर ते गृहस्थ यायचे बंद झाले. पुड्या संपल्या. आई माझ्याकडे अमरावतीला आली ती गाडीतूनच थकून आली. दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी उभे राहता येईना, आणि संध्याकाळी ती हाक मारली तरी डोळे उघडून पुन्हा मिटू लागली. आम्ही समजलो, प्रवासात काही बाधले. तीन गल्ल्या पलीकडे एक तरुण बाई नव्यानेच दवाखाना चालवीत होत्या, बी.ए.एम.एस.; त्यांना बोलावले. त्यांनी रक्तदाब मोजला, तो फार खाली गेलेला. बोटाला टोचून साखर पाहिली. सात महिने वाढलेली साखर आता सत्तरच्याही खाली. मग त्यांनी आईच्या दंडावरची बाही वर केली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि तिच्यावर जांभळे डाग होते, जे आम्ही रोज पाहत होतो आणि म्हातारपण समजत होतो. बाईंनी मला विचारले, ‘‘घरी काय काय देत होतात?’’

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तो प्रश्न पुन्हा कानावर पडला. मी सगळे सांगितले.

त्यांनी एक क्षणही उपदेशात घालवला नाही. ओळखीच्या फिजिशियनना फोन लावला, चिठ्ठी लिहिली, आईला साखरपाणी चाटवले आणि रिक्षाऐवजी ॲम्ब्युलन्स मागवली. त्या चूर्णात स्टेरॉइड मिसळलेले असावे असा त्यांचा तर्क होता. पुडी शिल्लक नसल्यामुळे ती तपासता आली नाही. परंतु रुग्णालयात आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल अगदी तळाला गेलेले आढळले. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहान ग्रंथी हे द्रव्य रोज तयार करतात. बाहेरून स्टेरॉइड महिनोन् महिने मिळत राहिले की त्या ग्रंथी काम सोडून देतात, आणि मग बाहेरचा पुरवठा अचानक थांबला की शरीराजवळ काहीच उरत नाही. रक्तदाब कोसळतो, साखर कोसळते, माणूस दगावूही शकतो. शिरेतून सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने चहा मागितला. पुढे तेच औषध, या वेळी उजळ माथ्याने आणि मोजून, थोडे थोडे कमी करीत आठ महिन्यांनी थांबवले.

घरी आल्यावर मी त्या डॉक्टर बाईंचे आभार मानायला गेलो तेव्हा मात्र त्या चिडल्या. माझ्यावर नव्हे. ‘‘मी आयुर्वेद साडेपाच वर्षं शिकलेय. दर वेळी असल्या पुडीला लोक आयुर्वेद म्हणतात, आणि ती पुडी ज्याच्या जोरावर चालते ते द्रव्य असतं कारखान्यातलं.’’

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हा लेख वाचून कुणी उद्या सकाळी घरातली अशी पुडी कचऱ्यात टाकील. तसे करू नका. वर्षानुवर्षांचे दुखणे तीन-चार दिवसांत नाहीसे करणारे, नाव-गाव नसलेले औषध तुमच्या घरात कुणी महिनोन् महिने घेत असेल, चेहरा गोल झाला असेल, साखर वा रक्तदाब कारणावाचून वाढला असेल, तर ती पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. बंद कशी करायची ते त्यांना ठरवू द्या. एकाएकी बंद करणे हेच आमच्या घरी जिवावर बेतले होते.

आणि आपल्या भागात आणखी एक काळजी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पसरला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी इतके खारट की १९३० च्या सत्याग्रहात समुद्र नसलेल्या या मुलखाने दहीहांड्याला त्या पाण्यापासून मीठ काढले. इतिहास अभिमानाचा खरा. पण अशा गावांतून मूत्रपिंडाच्या तक्रारी घेऊन येणारे रोगी थोडे नाहीत, आणि ज्याचे मूत्रपिंड आधीच थकले आहे त्याने वेदनाशामक गोळ्या काय किंवा अज्ञात भस्मे काय, विचारल्याशिवाय घेणे म्हणजे आगीशी खेळ. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात दुकानांतून विकली जाणारी, दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली होती. त्यांतील १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडला. दर पाचांतील एक. शास्त्रोक्त रसौषधी शोधनाशिवाय देऊ नये हे आयुर्वेदाचे ग्रंथच सांगतात, असे आमच्या डॉक्टर बाई म्हणतात. पण डब्यातले चूर्ण कोणी, कसे शोधले हे घेणाऱ्याला कळावे कसे?

आता त्या भांडणाकडे. एका पद्धतीचे शिक्षण घेतलेल्याने दुसऱ्या पद्धतीचे औषध द्यावे का, याचा निर्णय आपल्याकडे न्यायालयांनाही करावा लागला आहे. मुंबईत १९९२ साली एका होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला विषमज्वर समजून ॲलोपॅथीची औषधे दिली आणि तो रुग्ण दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जी पद्धत आपण शिकलो नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय. पुढे महाराष्ट्राने २०१४ साली कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे देण्याची वाट करून दिली, आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या संघटनेने तिला कडाडून विरोध केला. एक वर्ष पुरेसे आहे का? मला शंका आहे. पण मेळघाटच्या पायथ्याच्या गावात पंचवीस किलोमीटरमध्ये दुसरा डॉक्टरच नाही, तेथील आईला हा प्रश्न विचारून पाहावा. ती माझ्याकडे पाहतच राहील.

अमरावतीकरांना तपोवन ठाऊक आहेच. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी ते उभारले आणि पुढे ते पद्मश्रीचे मानकरी झाले. ते होमिओपॅथीचे डॉक्टर होते हे मात्र आजच्या तरुणांना सहसा माहीत नसते. त्या काळी कुष्ठरोगावर जगभर चालमोगऱ्याचे तेल वापरीत. त्याच्याच जातीचे झाड आपल्या कोकणात कडू कवठ म्हणून ओळखले जाते, आणि सुश्रुतसंहितेत तुवरक या नावाने त्याच तेलाचा कुष्ठावर उपयोग सांगितला आहे. म्हणजे एका प्राचीन औषधाला पश्चिमेच्या दवाखान्यांनीही स्वीकारले होते. पण त्याने गुण बेताचाच येई. तपोवन उभे राहिले त्याच दशकात डॅप्सोन आले, १९८० नंतर बहुऔषधी उपचार आले, आणि आज कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. तेल मागे पडले. त्याबद्दल कुणा वैद्याने दुःख केल्याचे मी ऐकले नाही. मला या इतिहासात आवडते ते असे की ज्यांना घरचेही शिवत नव्हते, त्यांच्यासाठी वस्ती उभारायला पुढे झालेला माणूस कुठल्या पद्धतीचा आहे, हे त्या माणसांनी विचारले नसणार.

उलट दिशेचेही उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. अंजनगाव सुर्जी, अकोट या भागांत पानमळ्यांच्या सोबतीने पानपिंपळी पिकते. त्रिकटूत ती असते, सितोपलादीत असते; आपल्या आज्या ती खोकल्याला मधातून देत आल्या. तिच्यात पिपरीन नावाचे द्रव्य आहे, मिऱ्यातही तेच. हे द्रव्य आतड्यातून इतर औषधे अधिक प्रमाणात रक्तात उतरवते. फिट्सवरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी त्याने वाढते, हे तपासून पाहिलेले आहे. क्षयाच्या रिफाम्पिसिनबरोबर तर ते मुद्दाम घालून तसे औषधच आपल्या देशात तयार केले गेले. जुन्या वैद्यांनी पिंपळी इतक्या योगांत का घातली, त्याचे एक उत्तर कदाचित येथे असेल. आणि त्याच कारणाने, फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्याने पिंपळीचे चूर्ण रोज घ्यायचे असेल तर डॉक्टरांना सांगायला हवे. ज्या वनस्पतीत गुण करण्याची ताकद आहे, तिच्यात अवगुण करण्याची नसेल कशी?

करोनाच्या दिवसांत हे आम्ही पुन्हा अनुभवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या गल्लीत घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. कुंपणावरची वेल लोक एकमेकांना देत होते. मीही दोन महिने घेतला. त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात चुकून वापरली गेली असेल असे म्हटले. वादाचा निवाडा मी करणार नाही. पण कुंपणावरून तोडलेली वेल नेमकी कोणती, हे आमच्या गल्लीत कुणी पाहिले होते? आमच्या डॉक्टर बाईंनी मला काढा थांबवून यकृताची तपासणी करायला सांगितली. ती ठीक निघाली. शेजारच्या एका गृहस्थांची थोडी बिघडलेली होती, काढा सोडल्यावर महिन्याभरात सुधारली.

म्हणून त्या घरचे उपाय मोडीत काढतात असे नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा त्या पन्हे प्यायला सांगतात, ज्वारीची आंबील मीठ घालून प्यायला सांगतात, आणि खिशात कांदा ठेवणाऱ्याला म्हणतात, ‘‘ठेवा, पण बाटलीभर पाणीही ठेवा.’’ ऊन लागलेला माणूस बरळू लागला, घाम थांबला, अंग भट्टीसारखे तापले, की मग कांदा नाही, पन्हे नाही; ओली चादर, वारा आणि तडक रुग्णालय. काविळीचेही तसेच. काविळीची माळ घालणाऱ्यांकडे, झाडपाला देणाऱ्यांकडे जाऊन बरे झालेले लोक आपल्याला शेकड्यांनी भेटतात, कारण दूषित पाण्याने होणारी बरीचशी कावीळ विश्रांती आणि साध्या आहाराने आपली आपण उतरते. माळेने अपाय होत नाही. अपाय होतो तो वाट पाहण्याने. गरोदर बाईला कावीळ झाली तर त्या माळेचा विचारही करू देत नाहीत. शेवटच्या महिन्यांत एक प्रकारची कावीळ आई आणि मूल दोघांनाही नेऊ शकते.

आईच्या गुडघ्यांचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. ते काही नवे झाले नाहीत. निर्गुंडीच्या तेलाने हलका मसाज, वाळूच्या पुरचुंडीचा शेक, खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम दिवसातून तीन वेळा, सहा किलो वजन कमी, आणि फार दुखले तर पॅरासिटामॉल. इतकेच बाईंनी दिले. तेलाचा गुण किती, व्यायामाचा किती आणि नातवाने रोज अर्धा तास शेजारी बसून तेल लावण्याचा किती, हे मी त्यांना विचारले. ‘‘मला माहीत नाही,’’ त्या म्हणाल्या. डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी फार कमी वेळा ऐकले आहे. आई गच्चीवर जात नाही. अंबादेवीच्या देवळापर्यंत काठी घेऊन जाते.

मी ज्या दोघांना पुड्या आणून दिल्या होत्या, त्यांच्याकडे त्याच आठवड्यात गेलो. एकाने आधीच सोडल्या होत्या, त्याला काही झाले नव्हते. दुसऱ्याची पत्नी अजून घेत होती. कुठून तरी दुसऱ्या माणसाकडून आणत होते. त्यांना पटवायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, आणि आमच्यात पूर्वीचे बोलणे राहिले नाही ते नाहीच.

आता आई डॉक्टरांकडे निघाली की एक कापडी पिशवी सोबत असते. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी, तेलाची बाटली, भावाने दिलेले आवळ्याचे चूर्ण, सगळे तिच्यात. गेल्या महिन्यात तिने पिशवी टेबलावर उपडी केली तेव्हा तळातून एक कागदाची पुडी निघाली. बाईंनी ती उचलून माझ्याकडे पाहिले. मला ती ठाऊक नव्हती.

‘‘हे काय आहे, आजी?’’

‘‘पिपळी हाय बाप्पा. अंजनगावच्या विहिणीनं देल्ली. चहात टाकाले.’’

बाईंनी पुडी उघडली, एक बोंड दातांखाली धरून चावले, डोळे मिचकावले.

‘‘चहात एखादी चालेल. चूर्ण करून रोज नको,’’ असे म्हणून त्यांनी ती पुन्हा बांधली, वर पेनाने ‘पानपिंपळी’ असे लिहिले आणि पिशवीत ठेवून दिली.